सोपवणं आणि झटकणं : ज्येष्ठ डॉक्टरांचं नेतृत्व आणि जामखेडचा अनुभव

आजचा विषय डॉक्टरांचा आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. आमच्या नावाआधी ‘डॉ.’ लागतं ते पीएचडीचं, त्यामुळे एसटीत कुणाला चक्कर आली की आमची पंचाईत होते. मग या विषयावर बोलण्याचा आम्हाला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. एवढंच सांगतो की एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीत आम्ही बरीच वर्षं बाहेरचे सभासद म्हणून बसलो. अशा समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा किंवा नीतिशास्त्राचा अभ्यासक आणि एखादा सामान्य नागरिक असावा लागतो. बैठकीत प्रस्ताव तपासायचे आणि नंतर चहा घेताना गप्पा मारायच्या. खरं सांगायचं तर वैद्यकीय शिक्षणाबद्दल आम्ही जे काही शिकलो ते त्या चहाच्या वेळीच.

त्या गप्पांत पन्नाशीच्या आसपासचे विभागप्रमुख, प्राध्यापक एक प्रश्न पुन्हापुन्हा काढायचे. शब्द वेगवेगळे असायचे, अर्थ एकच : आता पुढे काय? एमबीबीएस झालं, पीजी झालं, सीनियर रेसिडेन्सी झाली. सहायक, सहयोगी, मग प्राध्यापक, मग युनिट मिळालं, मग विभाग मिळाला. पस्तिशीपर्यंत दर दोन-तीन वर्षांनी पुढची पायरी डोळ्यांसमोर असते. नंतर जिनाच संपतो. हात बसलेला असतो, नाव झालेलं असतं, ओपीडीबाहेर रांग असते, आणि तरीही माणसाला आतून वाटतं की आपली वाढ थांबली.

व्यवस्था या माणसाकडून काय मागते बघा. बढतीसाठी सेवेची वर्षं मोजतात, छापून आलेले शोधनिबंध मोजतात, वैद्यकीय शिक्षणतंत्राचा मूलभूत अभ्यासक्रम केला का ते पाहतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करायची तर ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. या सगळ्याला आमचा विरोध नाही. पण यात एक प्रश्न कुठेच नाही : तुमच्या हाताखालून जी माणसं गेली ती तुमच्याशिवाय काय करू शकतात? आमच्या मते ज्येष्ठ डॉक्टरची वाढ मोजायची खरी जागा तीच आहे, आणि आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नाभोवती आहे.

आता दोन शब्द समोर ठेवतो. एक ‘सोपवणं’, दुसरा ‘झटकणं’. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत वरच्याचं काम खालच्याकडे जातं. फरक असा की सोपवताना कामाबरोबर ते करायचं ज्ञान जातं, ठरवायचा अधिकार जातो, आणि जबाबदारीचा मोठा वाटा सोपवणाऱ्याकडेच राहतो. झटकताना नेमकं उलटं होतं. काम आणि जबाबदारी खाली जाते. ज्ञान, अधिकार आणि श्रेय वर राहतं.

आमच्या समितीतलंच उदाहरण देतो. पीजीच्या विद्यार्थ्यांच्या थिसिसचे प्रस्ताव मंजुरीला यायचे. कित्येकदा विद्यार्थी एकटाच उभा असायचा, गाइड आलेले नसायचे. ‘रुग्णाला हे संमतिपत्र कोण समजावून सांगणार?’ असं विचारलं की ‘मी’. ‘मग यातला हा धोका म्हणजे नेमकं काय?’ की पोरगा दाराकडे बघायचा. विषय त्याला दिलेला, फॉर्म मागच्या वर्षीच्या थिसिसवरून उतरवलेला, आणि सही त्याची. हे झटकणं. आणि एक बाई प्राध्यापक होत्या, त्या दरवेळी यायच्या, मागच्या खुर्चीवर बसायच्या आणि तोंडातून अवाक्षर काढायच्या नाहीत. विद्यार्थी अडखळला तरी त्याला वेळ द्यायच्या. पण समितीने फॉर्ममध्ये दोष काढला की लगेच उठून म्हणायच्या, ‘ते माझ्या नजरेखालून गेलंय, ते माझ्याकडे लावा.’ तीनच सेकंदांचं वाक्य. पण ते ऐकल्यावर त्या विद्यार्थ्याचे खांदे कसे सैल व्हायचे ते आम्ही पाहिलंय.

सोपवणं किती लांबवर जाऊ शकतं हे बघायचं असेल तर आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्याच नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, जामखेड आहे. जिल्ह्याचं आग्नेय टोक, कायम अवर्षणाचा भाग. याच तालुक्यात चौंडी, अहिल्याबाईंचं जन्मगाव. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी आले आणि त्यांनी सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रजनीकांत आपल्याच जिल्ह्यातले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. साठच्या दशकात त्यांनी नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं, मग अमेरिकेत पुढचं प्रशिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. म्हणजे ज्याला आपण करिअर म्हणतो त्याचा जिना चढायला ते पूर्ण समर्थ होते. त्यांनी जामखेड निवडलं ते का?

वडाळ्यात त्यांना एक गोष्ट सलत होती. हॉस्पिटल चांगलं चालत होतं, रुग्ण बरे होऊन जात होते, आणि तीच माणसं, तीच मुलं, तोच जुलाब, तेच कुपोषण घेऊन परत येत होती. बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते. डॉक्टर जितका कुशल, तितकी त्याच्याकडे गर्दी जास्त, आणि गावात आजार तेवढाच. इथे एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न दडलेला आहे. ज्ञान जर एकाच माणसापाशी साठून राहत असेल, तर ते ज्ञान समाजाचं आहे असं म्हणता येईल का?

जामखेडला आल्यावर त्यांची पहिली योजना चालली नाही, आणि हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. गावोगाव शिकलेल्या नर्स ठेवायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. कागदावर उत्तम. पण तरुण, बाहेरून आलेली, एकटी राहणारी मुलगी खेड्यात रुळेना, आणि गावही तिला आपलं म्हणेना. तेव्हा विचार पुढे आला की गावातलीच बाई का नको? गावानेच निवडलेली, तिथेच नांदणारी, वयाने थोडी पोक्त. यातल्या कितीतरी बाया निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या होत्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, राहायच्या, शिकायच्या आणि परत जायच्या. बाळंतपण कसं सुरक्षित करायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखर-पाणी कसं द्यायचं, वजन कसं करायचं, कुणाला कधी हॉस्पिटलला पाठवायचं.

विचार करा, मेडिकल कॉलेजातल्या सुवर्णपदकवाल्या माणसाच्या अहंकाराला हे काय आहे! आपण इतकी वर्षं घासून मिळवलं ते अक्षरशत्रू बाईला द्यायचं. आणि नुसतं ‘हे कर, ते करू नको’ असं सांगायचं नाही, ‘का’ तेही सांगायचं. कारण ‘का’ कळल्याशिवाय ती गावात सासूशी वाद घालू शकत नाही. गरोदर बाईने कमी खावं म्हणजे पोर लहान राहतं आणि सुटका सोपी होते, ही समजूत आपल्याकडे घट्ट होती. डॉक्टरने ओपीडीत ‘भरपूर खा’ म्हटलं तर बाई मान हलवते आणि घरी जाऊन अर्धी भाकरी खाते. त्या समजुतीमागची भीती त्या आरोग्यसेविकेला ठाऊक असते, कारण ती भीती तिचीही होती. म्हणजे शिकणं दोन्हीकडून चाललं होतं. डॉक्टरला शरीर ठाऊक, तिला घर ठाऊक.

आणि जात? ती तर होतीच. वेगवेगळ्या जातींच्या बाया प्रशिक्षणाला एकत्र यायच्या, एकत्र जेवायच्या, एकाच भल्यामोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. सत्तरीच्या सुरुवातीच्या दुष्काळात पाण्याचे हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत येतील असं पाहिलं गेलं, म्हणजे सगळं गाव पाण्यासाठी तिकडे येणार. ही आखणी करणारा माणूस डॉक्टर होता. हातपंपाची जागा हा आरोग्याचा निर्णय आहे हे त्याला कळलं होतं. नेतृत्व नेतृत्व म्हणून जे आपण पुस्तकांत वाचतो ते प्रत्यक्षात पुष्कळदा असलं काहीतरी असतं, कुणाच्या लक्षातही येत नाही असं.

परिणाम काय झाला? प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तिथल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला, आणि १९९६ मध्ये २६ वर. पहिल्या पाच वर्षांतली घसरण बघा. तेवढ्या काळात जामखेडला काही बालरोगतज्ज्ञांची फौज उतरली नव्हती. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांवर जे पुस्तक काढलं त्यात जामखेडचं प्रकरण आहे, १९७९ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम चालू राहिलं, आणि जगभरचे लोक आजही तिथे शिकायला येतात. शिकवणाऱ्यांत गावातल्या बायाही असतात.

इथे आम्हाला आमच्या जुन्या मास्तराची, सॉक्रेटिसची आठवण येते. प्लेटोच्या ‘थिएटिटस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की माझी आई सुईण होती आणि मीही सुईणीचंच काम करतो. फरक इतकाच की मी माणसांच्या मनातल्या विचारांचं बाळंतपण करतो. हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण त्या संवादात आणखी एक बारकावा आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. तो सांगतो की ज्या बायकांचं स्वतःचं मूल होण्याचं वय उलटलेलं असतं त्याच सुईण होतात. ज्यांनी कधी बाळंतपण अनुभवलंच नाही त्यांना ते काम देत नाहीत, कारण अनुभवाशिवाय कसब येत नाही. पण स्वतः बाळंत होणारीही ते करत नाही.

ज्येष्ठ डॉक्टरच्या प्रश्नाला यात उत्तर आहे असं आम्हाला वाटतं. चाळीस-पंचेचाळीसपर्यंत ‘माझी शस्त्रक्रिया, माझं निदान, माझा पेपर’ हे योग्यच आहे. त्याशिवाय हाताला अनुभव येणार नाही. पण नंतरही तेच चालू राहिलं तर वाढ थांबल्यासारखी वाटणारच, कारण त्या दिशेने वाढायला जागाच उरलेली नसते. अवघड केस आली की हेडच हात धुऊन उभे, आणि सहयोगी प्राध्यापक रिट्रॅक्टर धरून. अशी युनिट तुम्ही पाहिली आहेत, आम्ही त्यांची नावं घेत नाही. त्या हेडच्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्या गावातले रुग्ण पुण्याला जायला लागतात.

लगेच आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ‘सर, तुमचं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण टेबलावर माणूस असतो. त्याच्या जिवावर पोरांना शिकवू का?’ बरोबर आहे. म्हणूनच सोपवणं ही एका दिवसात करायची गोष्ट नव्हे. नेदरलँड्समधले वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक ऑले टेन काटे यांनी २००५ मध्ये यासाठी एक सोपी कल्पना मांडली. ते म्हणतात, विद्यार्थ्याला गुण देत बसू नका, एकेक काम घ्या आणि विचारा की हे काम याच्यावर किती विश्वासाने सोपवता येईल. पहिल्या पायरीवर तो फक्त बघतो. दुसऱ्या पायरीवर तो करतो आणि ज्येष्ठ शेजारी उभे असतात. तिसऱ्या पायरीवर ज्येष्ठ हाकेच्या अंतरावर असतात. चौथ्या पायरीवर तो स्वतंत्रपणे करतो. पाचव्या पायरीवर तो ते दुसऱ्याला शिकवतो. पायरी कामागणिक वेगळी असते. एकच रेसिडेंट सेंट्रल लाइन टाकण्यात चौथीवर असेल आणि मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगण्यात पहिलीवरही नसेल. हे दुसरं काम त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. ते त्याच्यावर रात्री दोन वाजता झटकलेलं असतं.

जामखेडच्या बाईकडे या नजरेने पाहा. मीठ-साखर-पाणी, चौथी पायरी. अडलेलं बाळंतपण ओळखणं, चौथी. ते सोडवणं, तिच्याकडे नाहीच, ते हॉस्पिटलचं. म्हणजे सीमा आखलेली होती, आणि सीमेपलीकडे डॉक्टर उभा होता. दर आठवड्याची भेट होती, तिथे ती आपल्या अडचणी मांडायची. आणि नव्या गावातल्या नव्या बाईला जुनी बाई शिकवायची, ही पाचवी. १९८८ मध्ये जामखेडची अशीच एक आरोग्यसेविका वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलली. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून तिने डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली आणि स्वतःची तुलना छोट्या दिव्याशी केली : झुंबर सुंदर पण महाग, आणि त्यावरून दुसरं झुंबर लावता येत नाही. दिव्यावरून दिवा लावता येतो. आमच्या हयातीत ज्ञानमीमांसेवर आम्ही पुष्कळ वाचलं, पण हे इतकं नेमकं फार थोड्या ठिकाणी मिळालं.

आता दुसऱ्या टोकाला येऊ. हे बोलायला जड जातं, पण जिल्ह्यात बसून या विषयावर बोलायचं आणि ते टाळायचं हे बरं नव्हे. ६ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीच्या दिवसांत, नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला. नंतर चौकशी झाली, वरिष्ठांसह काहींचं निलंबन झालं, एका महिला डॉक्टरला आणि परिचारिकांना अटक झाली. डॉक्टर आणि परिचारिकांच्या संघटना त्याविरुद्ध बोलल्या. कुणाचा किती दोष, हे ठरवायला न्यायालय आहे, तो आमचा प्रांत नाही.

पण त्या घटनेने जो प्रश्न उघडा केला तो प्रत्येक रुग्णालयाचा आहे. खाटेच्या सगळ्यांत जवळ जो उभा असतो त्याच्याकडे अधिकार सगळ्यांत कमी असतो. वायरिंग कुणी तपासायचं, जादा माणूस कुणी द्यायचा, दरवाजा कुठे असावा, यातलं काहीही रात्रपाळीची नर्स ठरवत नाही. अपघात झाल्यावर मात्र पहिला प्रश्न तिला विचारला जातो : ‘तू कुठे होतीस?’ एखाद्या विभागात नेतृत्व आहे की नाही हे आम्हाला तपासायला सांगितलं तर आम्ही तिथल्या सर्वांत कनिष्ठ माणसाला एवढंच विचारू, की तुला इथे काही धोक्याचं दिसलं तर तू कुणाला सांगतेस, आणि सांगितल्यावर काय होतं? उत्तर यायला किती वेळ लागतो त्यावरून पुष्कळ कळतं.

यातूनच एक अगदी साधी सूचना. प्रत्येक युनिटच्या प्रमुखाने एका कागदावर लिहून द्यावं : मला रात्री कधी उठवायचं. रक्तदाब इतक्याखाली गेला तर, मूल लघवी करेनासं झालं तर, नातेवाईक हमरीतुमरीवर आले तर, आणि शेवटची ओळ, ‘तुला स्वतःला भीती वाटली तर.’ आता गंमत बघा, कागद लावणं सोपं आहे. खरी परीक्षा पहिल्या फोनला होते. रात्री तीनला फोन आला, केस किरकोळ निघाली, आणि सरांनी दुसऱ्या दिवशी राउंडला सगळ्यांसमोर ‘काय डॉक्टर, झोप येत नव्हती वाटतं?’ असं म्हटलं, की तो कागद संपला. पुढचा फोन येणार नाही. आणि ज्या दिवशी यायला हवा होता त्या दिवशीही येणार नाही.

राउंडचा विषय निघालाच आहे तर चरकाकडे जाऊ. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचं सविस्तर विवेचन आहे. एकाच विद्येच्या जाणकारांची चर्चा ती तद्विद्यसंभाषा. तिचे दोन प्रकार : संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याने केलेली, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे भांडून जिंकण्यासाठी केलेली. सलोख्याच्या चर्चेत निःशंकपणे विचारावं, विचारणाऱ्याला निःशंकपणे सांगावं, हरण्याची भीती बाळगू नये आणि समोरचा हरला तर आनंद मानू नये, असा तिथला आशय आहे. भांडणाच्या चर्चेसाठी मात्र चरकाने डावपेच दिले आहेत. प्रतिपक्षाचं वाचन कमी असेल तर लांबलचक सूत्रपाठाने त्याला दडपावं, समज कमी असेल तर अवघड शब्दांच्या वाक्यांनी. चरक माणसं ओळखून होता!

आता मनाशी विचारा, आपला सकाळचा राउंड यातला कोणता? रेसिडेंटने केस मांडायची, सरांनी तिसऱ्या वाक्याला अडवायचं, चौथ्या पाठ्यपुस्तकातल्या तळटीपेवरचा प्रश्न विचारायचा, आणि रुग्णाच्या देखत त्याला गप्प करायचं, ही शुद्ध विगृह्य संभाषा आहे. तीही विद्यार्थ्याशी, जो प्रतिपक्ष नाहीच. यातून पुढची पिढी एकच गोष्ट शिकते, की चूक लपवायची. आणि मृत्यूंचा आढावा घेणारी बैठक, तुम्ही डेथ ऑडिट म्हणता ती, तिथे तर संधाय संभाषेची गरज सर्वांत जास्त. काही ठिकाणी एक पद्धत आहे, ती आम्हाला आवडली : बैठकीत पहिली केस विभागप्रमुख स्वतःची मांडतात, आणि मत देताना सर्वांत कनिष्ठ आधी बोलतो, प्रमुख सर्वांत शेवटी. कारण प्रमुख आधी बोलले की बाकीच्यांची मतं तयार व्हायची बंद होतात. वॉर्डच्या सिस्टरला या बैठकीत खुर्ची असावी. तिने जे पाहिलेलं असतं ते केसपेपरमध्ये नसतं.

एक शंका उरते. जामखेडसारखी कामं शेवटी माणसांवर उभी असतात, व्यवस्थेत ती उतरत नाहीत, असं म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. कल्पना उतरली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि देशभर आशा नेमल्या गेल्या, गावचीच बाई, ही जामखेडची ओळख पटावी इतकी सारखी कल्पना. उतरलं नाही ते नातं. जामखेडची बाई आठवड्याला डॉक्टरसमोर बसून ‘असं का?’ विचारायची. आशाताईला रजिस्टर मिळालं, उद्दिष्ट मिळालं, वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे मोबदले मिळाले, प्रशिक्षणही मिळालं. पण तिचं ऐकणारा ज्येष्ठ डॉक्टर कितीजणींना मिळाला? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला तो जागतिक आरोग्य नेतृत्वाच्या पुरस्काराने. जगाने तिला नेता म्हटलं. आपल्याकडे कागदोपत्री ती अजून स्वयंसेविका आहे आणि मानधनासाठी तिला मोर्चे काढावे लागतात. हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही, तालुक्याच्या बैठकीत ती कुठे उभी असते ते बघितलंय म्हणून म्हणतो.

आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. लोणीला प्रवरा परिसरात १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरजवळ विळद घाटात दुसरं आहे, जिल्हा रुग्णालय आहे, आणि जामखेड आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणलं तोही हाच जिल्हा, म्हणजे बंद कपाटातलं बाहेर काढायची परंपरा इथे सातशे वर्षांची. पण या संस्थांतल्या ज्येष्ठांचं एकमेकांकडे जाणंयेणं आमच्या समजुतीप्रमाणे फार नाही. परिषदेला सगळे गोव्याला भेटतात.

त्यासाठी एक दार मात्र नव्याने उघडलं आहे. पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत २०२० मध्ये बदल झाला आणि जिल्हा निवासी योजना आली. पीजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या आरोग्यव्यवस्थेत काम करायचं. चांगला नियम आहे. पण तो फक्त विद्यार्थ्याला पाठवतो. विद्यार्थी जातो, गाइड कॉलेजातच राहतात, आणि तीन महिन्यांनी सहीचा कागद तेवढा परत येतो. पुन्हा झटकणंच की हे!

आमची सूचना अशी की त्या तीन महिन्यांत गाइडने दोन दिवस तिथे जावं. तपासणीला नको, आणि सत्काराला तर मुळीच नको. विद्यार्थ्याने आपल्या गुरुजींना तिथलं काम दाखवावं : हा औषधांचा साठा, ही रेफर केलेल्या रुग्णांची नोंद, इथे भूलतज्ज्ञ नसतो तेव्हा आम्ही असं करतो. त्या दोन दिवसांत शिकवणारा तो आणि शिकणारे तुम्ही. संध्याकाळी जवळच्या उपकेंद्रात आशाताईंबरोबर तासभर बसावं आणि त्यांना एकच विचारावं, की तुम्ही आमच्याकडे पाठवलेला रुग्ण परत येतो तेव्हा त्याच्या कागदावरचं तुम्हाला काय कळत नाही? त्या जे सांगतील त्यावरून डिस्चार्ज कार्डाचा मसुदा बदलावा, मराठीत करावा, आणि तो बदल विभागाच्या बैठकीत त्या रेसिडेंटला मांडू द्यावा.

नगरहून जामखेड सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे, वाटेत थोडा बीड जिल्हाही लागतो. सकाळी निघालात तर दहापर्यंत पोचता. बरं, आम्ही ठरल्या वेळेपेक्षा जास्त घेतलाय, आणि समोर बरीच डॉक्टर मंडळी हात वर करून बसली आहेत. सर्वांत तरुण कोण आहे त्यांच्यापासून सुरू करू.